बिनवासाचं सामान

सासूबाई "चालेल" म्हणाल्या, आणि तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

तुम्ही आमच्या सासूबाईंना ओळखत नाही म्हणून सांगते. "चालेल" हा शब्द त्यांच्या तोंडात बसतच नाही. साधं पायपुसणं नवीन आणलं तरी "कुठून आणलंस, कशाला आणलंस, जुन्याला काय धाड भरली होती" एवढं सगळं होतं, आणि मग कुठे ते पायपुसणं दाराशी पोचतं. आणि त्या दिवशी तर मी थेट त्यांच्या बाथरूमलाच हात घातला होता. ॲसिड, ब्लीच, फिनेल, त्या निळ्या झाकणाच्या बाटलीतलं ते डोळ्यांत पाणी आणणारं औषध, सगळं घराबाहेर काढायचं, असं मी जाहीर केलं. मी भांडणाची पूर्ण तयारी करून आले होते. कंबर कसून उभी होते म्हणा ना. आणि बाई म्हणतात, "चालेल. तू म्हणशील तसं."

त्याचं कारण आमची ठकी. ठकी म्हणजे माझी मुलगी, तेव्हा नुकती रांगायला लागलेली. रांगायला लागलेलं मूल म्हणजे घरातला सगळ्यात खालचा केर पहिल्यांदा ज्याच्या तोंडात जातो ते. तिला खोकला लागला, छाती घरघरायला लागली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि विचारलं, "घरात बाथरूम कशाने धुता?" मी यादी सांगायला लागले, तर त्यांनी मध्येच हात वर केला. "हे सगळे वास आधी बंद करा, मग औषधाचं बघू."

दिवसभर ठकीला सांभाळायच्या त्या सासूबाईच. मी नोकरीवर जाते, नवराही जातो. म्हणून मी त्यांना स्पष्टच सांगितलं, "आई, राग मानू नका, पण घरात पुन्हा एकदा तसला वास आला तर मी ठकीला पाळणाघरात ठेवणार. मागच्या गल्लीतल्या बाईंशी बोलून ठेवलंय मी."

हे ऐकून त्यांचा चेहरा उतरला, नाही असं नाही. पण तोंडातून निघालं ते "चालेल"च.

आता माझा स्वभाव संशयी आहे, हे मी कबूल करते. पण त्यात माझा दोष कमी आणि नोकरीचा जास्त. मी विमा कंपनीत दावे तपासते. लोक आग लागली म्हणतात, मी राख बघायला जाते. कोणी पटकन "हो हो, बरोबर आहे तुमचं" म्हणालं की मी फाइल बंद करत नाही, उलट खुर्ची पुढे ओढते. सहज कबूल होणारा माणूस काहीतरी झाकत असतो, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता ते अंगात मुरलंय. तर कुठेतरी पाणी मुरत होतं. प्रश्न एवढाच होता, की कुठे.

कारण ही बाई साधी नव्हे. सासरे लवकर गेले, पदरात लहान मुलगा, म्हणून त्या एका मोठ्या हॉटेलात खोल्या झाडायला लागल्या आणि निवृत्त झाल्या तेव्हा सगळ्या मजल्यांच्या सफाईच्या मुख्य होत्या. तिथे त्यांना "नाकवाल्या बाई" म्हणायचे. पाठीमागे म्हणायचे, तोंडावर म्हणायची कोणाची टाप होती! डोळ्यांवर त्यांचा विश्वासच नव्हता. खोली तयार झाली की त्या बाथरूमच्या उंबऱ्यात उभ्या राहायच्या, डोळे मिटायच्या आणि एक लांब श्वास घ्यायच्या. बस्स. तेवढ्यात निकाल. नवीन मुलगी कामाला लागली की तिलाही तसंच उभं करायच्या.

"कसला वास येतोय?"

"साबणाचा, बाई."

"आणि?"

"ओल्या टॉवेलचा."

"आणि?"

ती मुलगी रडकुंडीला येईपर्यंत "आणि" चालायचं. शेवटी ती म्हणायची, "मोरीच्या जाळीत केस अडकलेत वाटतं, बाई." मग सासूबाई डोळे उघडायच्या आणि म्हणायच्या, "आता काढ ते."

घरीही तेच. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी दारातून आत येत होते तर स्वयंपाकघरातून आवाज आला, "लिफ्टला आज तेल घातलेलं दिसतंय. आणि ऑफिसात तुझ्या शेजारी बसतो तो माणूस अजून सिगरेट सोडत नाही का गं?" मी जागच्या जागी थिजले. घरात पोलीस कुत्रं पाळल्यासारखं वाटायचं. नवऱ्याची तर सगळी तरुणपणातली चोरी त्या नाकाने पकडलेली. आणि त्यांच्या मते बाथरूम स्वच्छ आहे याची खूण एकच, आत पाऊल टाकलं की नाक झणझणलं पाहिजे. अशी बाई तिची ती झणझणीत दुनिया एका शब्दात सोडून देते? माझा नाही बसला विश्वास.

आम्ही दोघी ठकीला घेऊन सामान आणायला गेलो. दुकान छान होतं, जरा जास्तच छान. सगळीकडे हिरवी पानं छापलेली. मला तर ते हिरवं पान दिसलं की लगेच शंका येते. एका ब्रशवर "निसर्गस्नेही" असं मोठ्ठं लिहिलेलं. मी उलटा करून बघितला तर दांडा प्लास्टिकचा, दाते प्लास्टिकचे, आणि निसर्ग फक्त पुठ्ठ्यावर.

"यात निसर्ग कुठे आहे?" मी दुकानातल्या मुलीला विचारलं.

"मॅडम, रंग हिरवा आहे ना," ती म्हणाली. बिचारी प्रामाणिक होती.

शेवटी मीच एकेक वस्तू निवडली. काथ्याच्या दात्यांचा लाकडी ब्रश घेतला, पण बिनरंगाचा, कारण ठकी रंगाचे टवके काढून खाणार हे ठरलेलं. दांड्याला टांगायला दोरी आहे ना ते बघितलं. लाकूड ओलं राहिलं तर बुरशी धरणार आणि मग गेलं सगळं मुसळ केरात. घासायला वाळलेल्या दोडक्याची जाळी, पुसायला जाड सुती फडकी, फरशीवरचं पाणी ओढायला लाकडी दांड्याचा रबर, आणि खाण्याचा सोडा, व्हिनेगर, रिठ्याचं पाणी. रिठ्याच्या पाण्याचीही दोन-तीनदा उलटतपासणी घेतली. फेस येतो का, डोळ्यात गेलं तर काय, मूल प्यायलं तर काय. ती मुलगी घामाघूम झाली.

आणि सासूबाई? त्या नुसत्या हाताळत होत्या. ब्रशचे दाते तळहातावर घासून बघितले, फडकं गालाला लावलं, दोडक्याची जाळी दाबून बघितली. नाकाशी म्हणून एक वस्तू नेली नाही. मुलीने फरशी धुवायच्या द्रावाच्या दोन बाटल्या उघडून त्यांच्यापुढे धरल्या. "आजी, ही फुलांच्या वासाची आणि ही बिनवासाची. बघा कुठली आवडते."

सासूबाईंनी दुसरी नाकाशी धरली आणि मान डोलावली. "ही छान आहे. मंद वास आहे."

"आजी, ती बिनवासाची," मुलगी हसली.

सासूबाईही हसल्या. "तेच म्हणते मी. हीच घ्या."

मला वाटलं, टोमणा मारला. एवढ्या साळसूद झाल्यात त्या वरवर, आत नाकाने कांदे सोलणं चालूच आहे. मी गुपचूप बिनवासाची बाटली टोपलीत टाकली.

घरी आल्यावर नवऱ्याला जुन्या बाटल्यांची विल्हेवाट लावायला सांगितलं. त्याने "लावतो" म्हटलं. त्याचं "लावतो" म्हणजे काय हे मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण माझं सगळं लक्ष सासूबाईंवर होतं.

नवीन सामानाने बाथरूम चकचकीत राहायला लागलं. इतकं, की माझा संशय दुणावला. काथ्या आणि सोड्याने असं होतं? आणि एक गोष्ट मला खटकायला लागली. बाथरूम धुताना त्या दार लोटून घ्यायच्या. पूर्वी कधी घ्यायच्या नाहीत. एकदा सुट्टीच्या दिवशी मी फटीतून डोकावले तर बाई गुडघ्यांवर बसून फरशीवरून तळहात फिरवत होत्या, कोपऱ्याकोपऱ्यात बोटं घालून बघत होत्या. माझी चाहूल लागली तशा चटकन उठल्या आणि फडकं पिळायला लागल्या. असं कोण करतं? काहीतरी सांडलेलं पुसणारा माणूस करतो.

मग एकेक बारीकसारीक गोष्ट दिसायला लागली. ठकीचा लंगोट त्या सारख्या उघडून बघायच्या. कोरडा असला तरी थोड्या वेळाने पुन्हा. मी विचारलं, "आई, काय शोधताय?" तर म्हणाल्या, "काही नाही गं, ओला राहायला नको." गॅसचं बटण येता-जाता चाचपायच्या. बाटल्यांवरची अक्षरं चष्मा लावून, बोट ठेवून वाचायच्या. एकदा मी घरी आले तर जिन्यापासून जळक्या दुधाचा वास, आणि या स्वयंपाकघराला लागूनच बसून ठकीला खुळखुळा वाजवून दाखवतायत! पातेलं काळं ठिक्कर पडलेलं.

"आई, दूध!"

"अगं बाई, विसरलेच की." आणि अशा घाईने उठल्या की खुळखुळा हातातून पडला.

विसरल्या? समोर जळतंय आणि विसरल्या? मी मनात नोंद केली.

सगळ्यात कहर म्हणजे रोज संध्याकाळी मी दारातून आत आले की त्या पदराला हात पुसत पुढे यायच्या आणि सहज विचारल्यासारखं करून विचारायच्या, "काय गं, घरात काही वास-बिस येतोय का?"

आता तुम्हीच सांगा. चोराने रोज पोलीस चौकीत जाऊन "काही सापडलं का हो?" असं विचारल्यासारखं नाही का हे? मी नाक ताणून वास घ्यायचे. काही नसायचं. "नाही येत," म्हणायचे. त्या सुटकेचा श्वास टाकायच्या आणि मला चहा द्यायच्या. तो चहा मी संशयानेच प्यायचे.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तुझ्या ऑफिसची फाइल घरात उघडू नकोस."

"तुझी आई लपूनछपून ॲसिड वापरते."

"वास आला का तुला?"

"नाही."

"मग?"

"तेच तर. पुरावा सोडत नाही."

तो हसत सुटला. मी ठरवलं, आता रंगेहाथच पकडायचं. ठकीचा खोकला बरा झाला होता, घरघर थांबली होती, पण त्या सकाळी ती दोनदा ढासली आणि माझं डोकंच फिरलं. ऑफिसात अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली आणि कोणाला न सांगता दुपारी घरी निघाले.

लिफ्टमधून बाहेर पडले आणि वास आला. ब्लीच! आमच्याच दारातून. नाक झणझणलं, तसं माझ्या मस्तकात काहीतरी तडकलं. सापडलीस, म्हटलं मनात. "सापडलात" असंही नाही, थेट "सापडलीस". किल्लीने दार उघडलं आणि आत धावले.

ठकी बाथरूमच्या दाराबाहेर चटईवर बसली होती, डोळे चोळत, खोकत. आत सासूबाई स्टुलावर बसून ठकीचा आंघोळीचा टब घासत होत्या. सुती फडकं, काथ्याचा ब्रश, सगळं माझंच सामान. काहीतरी गुणगुणत होत्या. चेहऱ्यावर एवढी शांती की माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी ठकीला उचललं, गॅलरीचं दार सताड उघडलं, सगळ्या खिडक्या उघडल्या आणि तिथूनच ओरडले, "कमाल आहे तुमची! लेकराचा टब ब्लीचने धुता? मी एवढं हात जोडून सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं, तरी? चांगलं वागल्याचं सोंग कशाला केलंत मग इतके दिवस?"

त्या उठल्या. हातात बाटली होती. "ब्लीच कुठलं? हे तुझं व्हिनेगर आहे. बघ ना, लिहिलंय. आधीची संपली म्हणून गॅलरीतल्या फळीवरची दुसरी घेतली."

बाटली व्हिनेगरची होती. चिठ्ठीही व्हिनेगरची. आणि आत काय आहे ते चार हातांवरून मला कळत होतं.

"व्हिनेगर? अहो, नाकाशी धरून तरी बघा!"

त्यांनी बाटली नाकाशी नेली. डोळे मिटले, पूर्वी उंबऱ्यात उभ्या राहून मिटायच्या तसेच, आणि श्वास घेतला. मग डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात टोमणा नव्हता, सोंग नव्हतं. परीक्षेत प्रश्न न कळलेल्या मुलीसारख्या बघत होत्या.

"व्हिनेगरच आहे ना गं?" त्यांनी विचारलं.

मी दोन पावलं पुढे आले.

"आई," मी म्हणाले, "तुम्हाला वास येत नाही?"

सासूबाई बाटलीचं झाकण लावायला लागल्या तर ते त्यांना लागेना. मी बाटली हातातून काढून घेतली.

"तो ताप आला होता ना मला, थंडीत," शेवटी म्हणाल्या. "तू पोटुशी होतीस, तुला माझ्या खोलीत यायला बंदी होती. त्या तापात गेला. वाटलं येईल आज, येईल उद्या. नाही आला."

म्हणजे ठकीच्या जन्माच्या आधीपासून! मी एकेक गोष्ट आठवत गेले आणि प्रत्येक वेळी कोणीतरी माझ्या कानफटात मारत होतं. दुकानातली बिनवासाची बाटली. जळकं दूध. लंगोट. गॅसचं बटण. फरशीवरून फिरणारा तळहात. नाकाने जे कळायचं ते बाई बोटांनी शोधत होत्या. आणि रोज संध्याकाळचं ते "काही वास येतोय का?" त्या खरंच विचारत होत्या. दिवसभर धाकधूक करत माझ्या नाकाची वाट बघत होत्या.

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर ठेवली असतीस ठकीला माझ्याजवळ?" त्यांचा आवाज चढला. "नाकवाली बाई म्हणून तर विश्वास होता सगळ्यांचा माझ्यावर. तू म्हणालीस सगळे वास बंद, मला बरंच वाटलं. म्हटलं, बिनवासाच्या घरात आपलं झाकून जाईल. तुम्हालाही वास नाही, मलाही नाही."

हे होतं ते "चालेल".

मी टब नळाखाली खळखळून धुतला, ठकीला घेऊन गॅलरीत उभी राहिले आणि आधी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. टबात मूल बसलं नव्हतं, नुसती वाफ नाकात गेली होती. मोकळ्या हवेत ठेवा, खोकला वाढला तर घेऊन या, म्हणाल्या. ठकी तोवर माझ्या गळ्यातली साखळी तोंडात घालून मजेत होती. मग नवऱ्याला फोन केला. ब्लीचच्या डब्याचं झाकण फुटलं होतं, म्हणून साहेबांनी ते व्हिनेगरच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवलं होतं. "गॅलरीतलं शेवाळ काढायला," म्हणाले, "आणि तूच म्हणतेस ना, बाटल्या टाकायच्या नाहीत, पुन्हा वापरायच्या." मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेजारच्या गॅलरीतल्या बाई आत निघून गेल्या.

राग आला होता, खूप आला होता, आणि भीतीही वाटत होती. उद्या गॅस उघडा राहिला तर? आणखी काही जळलं तर? हे काही प्रेमाने सुटणारं नव्हतं. मी तिसरा फोन लावला, बोलले आणि आत आले.

सासूबाई पलंगावर ठकीची पिशवी भरत होत्या. दुपटी, बाटली, खुळखुळा, जास्तीचे लंगोट, सगळं घडी घालून.

"ही पिशवी कशाला?"

"पाळणाघरात लागेल ना. तिथे त्यांना सांग, तिला डाव्या कुशीवर झोप लागते."

"मी गॅसवाल्याला फोन केला होता," मी म्हणाले. "गॅस सुटला की ठणाणा करणारी डबी मिळते. ती तो आणून बसवतोय. धुराचीही मिळते. आणि यापुढे या घरात एका बाटलीतलं दुसऱ्या बाटलीत कोणी ओतलं तर त्याला मी घराबाहेर काढीन, तुमचा मुलगा असला तरी. काढा ते सामान पिशवीबाहेर."

त्या तिथेच बसल्या, दुपटं हातात धरून, आणि रडायला लागल्या. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. मी ठकीला त्यांच्या मांडीवर ठेवलं. ठकीने लगेच त्यांचा चष्मा ओढला.

जरा वेळाने त्यांनी पदराने डोळे पुसले. ठकीच्या डोक्याला नाक लावलं, लावून तसंच ठेवलं.

"एक विचारू का?" त्या म्हणाल्या. "हिच्या टाळूचा वास कसा येतो गं?"

मी वाकले. ठकीच्या विरळ केसांत नाक खुपसलं.

"दुधाचा," मी म्हणाले.

"आणि?"

"रिठ्याचा. थोडासा."

"आणि?"

मी पुन्हा वाकले, पुन्हा श्वास घेतला. सासूबाई डोळे मिटून बसल्या होत्या.

"उन्हात वाळलेल्या दुपट्याचा," मी म्हणाले. "आणि आई, थोडासा तुमचा."